बिनखोडीची गाडी

आर्वी-आष्टीकडे गवळाऊ बैल घेणारा शेतकरी आधी त्याच्या तोंडात पाहतो. दोन दाती, चार दाती, की जुळलेला, यावरून वय कळतं. सेकंडहँड गाडीचे दात म्हणजे तिचा किलोमीटरचा मीटर, आणि तो मागे फिरवता येतो. त्यामुळे गाडीच्या सौद्यात डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त जास्त. ‘सिंगल हँड आहे’, ‘कुठे ठोकलेली नाही’, ‘सगळी सर्व्हिस कंपनीतच झाली’. आणि सेवाग्राम-सावंगीची दोन मेडिकल कॉलेजं हाकेच्या अंतरावर असल्याने वर्ध्यात सहज खपेल असं ‘डॉक्टरांची गाडी आहे’. (डॉक्टर गाडी जपून चालवतात हा समज कुठून आला, कोण जाणे.) महिनाभराने मेकॅनिक सांगतो की गाडीचा पुढचा भाग ठोकून सरळ केलेला आहे. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘मी असं बोललोच नाही. कुठं लिहिलंय ते दाखवा.’ इथे बहुतेक गिऱ्हाईक गप्प बसतं. माझ्या मते ते कायद्यापुढे हरून नव्हे, तर कायद्याविषयीच्या गैरसमजामुळे गप्प बसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं तिच्यात येतं, मग ते विधान लेखी असो वा तोंडी. ‘तोंडी’ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे, आणि 1986 च्या जुन्या कायद्यातही तो होता. तेव्हा ‘लिहिलंय का?’ हा प्रश्न पुराव्याचा आहे, हक्काचा नाही. बोलणारा कोण, यालाही वजन असतं. इंग्लंडमधले दोन निकाल या बाबतीत शेजारी ठेवून वाचावेत. 1957 च्या खटल्यात एका साध्या गाडीमालकाने कागदपत्रं पाहून आपली मॉरिस 1948 ची असल्याचं सांगितलं; ती निघाली 1939 ची. घेणारा स्वतः गाड्यांचा व्यापारी होता, त्यामुळे मालकाचं बोलणं हमी मानलं गेलं नाही. 1965 मध्ये व्यापाऱ्याने बेंटली विकताना सांगितलं की इंजिन बदलल्यापासून ती वीस हजार मैलच चालली आहे. प्रत्यक्षात ती लाखाच्या आसपास चालली होती. इथे व्यापारी हरला. खरं काय ते शोधून काढणं त्याला शक्य होतं, हे न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. अर्थात ‘मक्खन चालते बघा’ म्हणणं वेगळं. त्याला कुणी हमी मानणार नाही, मानूही नये. ‘पहिलाच मालक’ हे मात्र तपासून खरं-खोटं ठरवता येणारं विधान आहे.

यावर विक्रेत्यांचे दोन आक्षेप असतात आणि दोन्ही पोकळ नाहीत. पहिला : ‘गाडी पाहून, पसंत करून, जशी आहे तशी घेतली’ या कागदावर तुमची सही आहे. लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा नियम खराच. पूर्वी तो पुरावा कायद्याच्या कलम 92 मध्ये होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 95 मध्ये आहे. पण फसवणूक सिद्ध करायची असेल तर तोंडी पुरावा देता येतो, हा अपवाद त्याच कलमात आहे. दुसरा आक्षेप : मेकॅनिक आधीच का नाही आणला? करार कायदा, 1872 च्या कलम 19 मध्ये याचा विचार आहे. साध्या मेहनतीने खरं कळलं असतं तर करार रद्द करता येत नाही, असा अपवाद तिथे आहे. मात्र तो गैरसमज करून देणाऱ्या विधानाला आणि लबाडीच्या मौनाला लागू होतो, जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला नाही. विक्रेत्याने अपघाताचा विषयच काढला नाही आणि तुम्हीही विचारलं नाही, तर तुमची बाजू लंगडी पडते. विचारलं आणि त्याने ‘नाही’ म्हटलं, की चित्र पालटतं. म्हणून सौद्याच्या वेळी लाजून न विचारलेला प्रश्न सगळ्यात महाग पडतो.

राहिला पुरावा. फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे काही सिद्ध करायचं नसतं. कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय, एवढंच तोलायचं असतं. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दर वेळचे किलोमीटर असतात. दोन वर्षांपूर्वी 90 हजार आणि आज मीटरवर 60 हजार, यापुढे विक्रेत्याने बोलायला काही उरत नाही. अपघाताचा विमा दावा झाला असेल तर त्याची नोंद सापडते. मालक कितवा हे वाहन नोंदणीवरून कळतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवावा, आणि पैसे देण्याआधी व्हॉट्सअॅपवर एवढं लिहावं : ‘भाऊ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडी ठोकलेली नाही आणि 60 हजारच चालली आहे, म्हणून घेतो आहे.’

‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी दुसऱ्याची’ ही पळवाटही अरुंद झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये डिसेंबर 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने प्राधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना परिवहन खात्याला द्यायची, असं त्यात आहे. गाडी नागपुरात घेतली तरी हिंगणघाटच्या माणसाला वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कारण ग्राहक राहतो तिथला आयोगही चालतो. मुदत दोन वर्षांची; पाच लाखांपर्यंत किंमत दिली असेल तर फी नाही. मात्र गाडी शेजारच्या मास्तरांकडून घेतली असेल तर हा दरवाजा बंद. ते व्यापारी नाहीत, त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय.

एक उणीव मात्र सरकारी कागदातच आहे. अमेरिकेत 1972 च्या केंद्रीय कायद्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना मीटरचा आकडा लेखी देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे एमएच-32 ची गाडी नावावर करताना भरायच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या फॉर्मांत इंजिन नंबर, चासी नंबर सगळं असतं. किलोमीटरसाठी रकानाच नाही.