जनावराला पंचनामा, माणसाला कोर्टाची पायरी?

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी रोग गोठ्यागोठ्यांत शिरला तेव्हा गावोगावी एक तक्रार ऐकू येत होती, 'लस टोचली अन् जनावर बसलं.' ती लस होती शेळ्यांच्या देवीवरची. गाईबैलांसाठी ती मुळात तयारच झालेली नव्हती. पण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, म्हणून तीच गाईला टोचायची असे ठरले. खास लम्पीसाठीची देशी लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली खरी, पण ती गोठ्यापर्यंत यायला अवकाश होता आणि रोग थांबायला तयार नव्हता. घाई झाली, ती करावीच लागली. कुरकुर करीत का होईना, शेतकऱ्यांनी जनावरे पुढे केली. महाराष्ट्रात एक कोटीच्या वर जनावरांना लस टोचली गेली.

त्या वेळी राज्य सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. लम्पीने गाय दगावली तर ३० हजार, बैल दगावला तर २५ हजार आणि वासरू गेले तर १६ हजार रुपये मदत जाहीर केली. पैसे मिळायला कुठे उशीर झाला, कुठे कागदपत्रांवरून हेलपाटे पडले, हे खरे. पण दोष कोणाचा हे आधी सिद्ध करा, अशी अट त्यात नव्हती. जनावर गेले, पंचनामा झाला, मदत लागू.

आता माणसाचे काय झाले ते पाहू.

कोरोनाच्या दोन लसींना आपल्याकडे ३ जानेवारी २०२१ रोजी तातडीची परवानगी मिळाली. त्यांपैकी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती आलेले नव्हते. म्हणून 'चाचणी चालू आहे असे समजून' ती द्यावी, अशी अट घातली गेली. लस घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेत. गंभीर अपाय झाला आणि तो लसीमुळेच झाल्याचे सिद्ध झाले तर कंपनी भरपाई देईल, असे त्या कागदावर छापलेले होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची पाळी १ मार्चला आली आणि नेमकी त्याच महिन्यात ती अट उठली. अट गेली, तसा तो भरपाईचा कागदही गेला.

दुसरीकडे कंपन्यांना आपली काळजी होतीच. खटल्यांपासून आम्हाला संरक्षण द्या, अशी मागणी पुण्याच्या सिरम संस्थेच्या प्रमुखांनी डिसेंबर २०२० मध्येच जाहीरपणे केली होती. पुढे परदेशी कंपन्यांनीही तोच हट्ट धरला. सरकारने ते संरक्षण दिले नाही, हे चांगलेच झाले. पण मग जबाबदारी कोणाची? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. त्याचा मथितार्थ असा, की लस घेणे ऐच्छिक होते, सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे.

ऐच्छिक? नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन देऊ नका, पेट्रोल देऊ नका, असा प्रशासनाचा आदेश निघाला होता. ज्याचे घर रेशनच्या गव्हावर चालते, त्याला ही 'इच्छा' कशी कळायची? लसीकरण वाढावे हा हेतू चांगला होता. पण हात धरून रांगेत उभे करायचे आणि पुढे काही झाले तर 'तुम्ही आपखुशीने आलात' म्हणायचे, हा न्याय नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लसीने अपाय होण्याचे प्रमाण फार थोडे आहे. कोव्हिशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या तक्रारी केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये तपासल्या, तेव्हा तशी शक्यता असलेली २६ प्रकरणे निघाली. दहा लाख डोसमागे एकसुद्धा भरत नाही. २०२४ मध्ये मूळच्या ब्रिटिश कंपनीने क्वचित असे होऊ शकते हे लंडनच्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली आणि पारावर पुन्हा घबराट पसरली. पण हा धोका लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा असतो. तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेल्याने त्यासाठी झोप उडवून घ्यायचे कारण नव्हते. देशात २२० कोटींवर डोस दिले गेले आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही.

पण ज्याचे जळते त्याला कळते. ज्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घराला दहा लाखांचा हिशेब सांगून काय उपयोग?

आणि कोर्टात तरी तो काय सिद्ध करणार? जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. तो ढळढळीत हलगर्जीपणा होता, कर्मचारी निलंबित झाले. लसीच्या दुर्मिळ अपायाचे तसे नसते. कारखान्यात माल नियमाप्रमाणे बनलेला असतो, नर्सने सुई बरोबर टोचलेली असते, घेणाराही धडधाकट असतो. चूक कोणाचीच नाही आणि माणूस मात्र गेला! दिवाणी न्यायालय आधी विचारते, हलगर्जीपणा कोणाचा? त्या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. मग दोन एकर कोरडवाहूवाल्याने वकील लावायचा, तारखांना एसटीने जायचे आणि कंपनीच्या शास्त्रज्ञांशी वाद घालायचा!

म्हणूनच शहाण्या देशांनी दोष न शोधता भरपाई देण्याची सोय केली. ब्रिटनने १९७९ सालीच तसा कायदा केला. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाची लस सुरू झाली, त्याच महिन्यात तिचे नावही त्या यादीत घातले. अमेरिकेत १९८६ चा कायदा आहे. बालकांच्या नेहमीच्या लसींवर डोसमागे थोडा कर बसवतात आणि त्या निधीतून भरपाई देतात. तिथेही लोकांच्या तक्रारी आहेतच. पण अर्ज कुठे करायचा, एवढे तरी ठाऊक असते.

परदेशाचे राहू द्या. शेतात साप चावून शेतकरी दगावला तर आपल्या राज्यात कुटुंबाला दोन लाखांची तरतूद आहे. सापावर खटला भरून या, असे कोणी म्हणत नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बाई दगावली तर त्यासाठीही सरकारी भरपाईची योजना आहे. मग सगळ्या गावाच्या भल्यासाठी टोचून घेतलेल्या सुईलाच वेगळा न्याय का?

भरपाईचे नाव काढले की लोक घाबरतील, असे काही अधिकारी म्हणतात. अहो, पीकविमा आहे म्हणून कोणी पेरणी थांबवली आहे का? पाठीशी कोणीतरी आहे म्हटले की माणूस उलट धीराने पुढे होतो.

तेव्हा मागणी साधी आहे. यापुढे कोणत्याही लसीला तातडीची परवानगी देताना त्याच आदेशात भरपाईचे कलम असावे आणि सरकार व कंपनी यांनी मिळून त्याचा निधी आधीच बाजूला काढावा. लसीनंतर कोणी दगावल्याची तक्रार आली, तर शवविच्छेदन व्हावे आणि जिल्हा समितीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत, मराठीत, घरच्यांच्या हाती पडावा. अपायाची नोंद लोकांना स्वतः करता यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सांगितलेच आहे. ती सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसली पाहिजे.

साथी पुन्हा येणार, लसी पुन्हा घाईने येणार आणि दारोदार फिरायला पुन्हा आशाताईच जाणार. 'काही झालं तर कोण बघणार गं?' हा प्रश्न दिल्लीला कोणी विचारत नाही, तिलाच विचारतात. तिने काय सांगायचे, ते साथ येण्यापूर्वी ठरवा.