गोष्टीचा शेवट विचारा



मूल शाळेतून घरी येतं आणि काहीतरी घडल्याचं सांगू लागतं. निम्मं सांगतं, मध्येच उडी मारतं, शेवट विसरतं. आपण म्हणतो, "नीट सांग ना!" पण नीट म्हणजे कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. वर्गात आम्ही त्यासाठी पाच प्रश्न देतो. कोण होतं? कुठे, केव्हा घडलं? अडचण काय आली? मग एकामागून एक काय झालं? आणि शेवटी काय झालं? एवढ्यात गोष्टीचा सगळा सांगाडा आला.

याचा उत्तम धडा आपल्या घरातच आहे. कुरआनची बारावी सूरह, सूरह यूसुफ. आयती 111, आणि जवळजवळ सगळी सूरह एकच कथा सांगते. हजरत मूसा (अ.) यांची हकीकत कुरआनात ठिकठिकाणी येते, हजरत यूसुफ (अ.) यांची मात्र एका जागी, सलग येते. तिला 'अहसनुल कसस' म्हणजे उत्तम कथा म्हटलं आहे. सुरुवातीला लहानग्या यूसुफचं स्वप्न: अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे झुकलेले. मग भावांचा मत्सर, विहीर, मिसरचा बाजार, तुरुंग, दुष्काळ. शेवटी तेच स्वप्न खरं होतं. सुरुवातीला बांधलेली गाठ शेवटी सुटते.

मुलांना सांगताना त्यातला सदरा दाखवून द्या. तो तीनदा येतो. पहिल्यांदा भाऊ त्याला खोटं रक्त लावून आणतात आणि लांडग्याची गोष्ट रचतात. मुफस्सिरांनी लिहिलं आहे की, सदरा कुठेच फाटलेला नाही हे हजरत याकूब (अ.) यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्यांदा यूसुफ (अ.) यांच्यावर आळ येतो तेव्हा साक्षीदार म्हणतो, सदरा पुढून फाटला की मागून ते पाहा. मागून फाटलेला निघतो आणि खरं काय ते कळतं. तिसऱ्यांदा यूसुफ (अ.) यांचा सदरा चेहऱ्यावर ठेवताच वडिलांची गेलेली दृष्टी परत येते.

म्हणजे गोष्ट ऐकणं हे पारखणंही आहे. खोटी गोष्टसुद्धा रंगवून सांगता येते, रडत रडत सांगता येते. ऐकणाऱ्याने सदरा पाहायचा असतो.

आज हे फार गरजेचं झालं आहे. 2018 साली मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ मोबाइलवर देशभर फिरत होते. त्यातला एक मुळात कराचीत बनवलेली, पालकांना सावध करणारी छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी मोटारसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला आणि जनजागृतीची फिल्म अपहरणाचा पुरावा बनून फिरू लागली. त्याच अफवांच्या दिवसांत, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ते कोण, कुठले, कशाला आले, हे साधे प्रश्न कुणी थांबून विचारले असते तर पाच घरं उजाडली नसती.

सूरह हुजुरातमध्ये (आयत 6) हीच ताकीद आहे: कुणी फासिक बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. आपल्याविषयीच्या अफवा आपल्याला झोंबतात. दुसऱ्यांविषयीची अफवा आपल्या मोबाइलवर आली, तर तिलाही हाच नियम लागतो.

आमच्या कळंबसारख्या गावात दादी-नानीकडून गोष्ट ऐकायची सवय मोबाइलमुळे कमी होत चालली आहे. ती परत आणू या. रात्री दस्तरखानावर एकाने दिवसभरातली एक घटना सांगावी, बाकीच्यांनी पाच प्रश्न विचारावेत. उर्दूत सांगा, मराठीत सांगा, घरच्या बोलीत सांगा. मूल अडखळलं तर हसू नका. जे मूल घडलेलं क्रमाने सांगू शकतं, त्याला उद्या कुणी त्रास दिला तर तेही ते घरी येऊन सांगू शकेल. आणि घरातल्या ग्रुपवर एखादा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी त्याच मुलाला विचारू द्या, "याचा शेवट कुठे आहे?"