जाहिरातीचे पैसे तुमचे, मग हिशेबाची वही दुसऱ्याकडे का?

दिवाळी तोंडावर आली की फराळ, कपडे, आकाशकंदील विकणारे छोटे व्यावसायिक मोबाईलवरून जाहिराती सुरू करतात. डोंबिवलीतून फराळ विकणारी माझी एक मैत्रीणही त्यातलीच. मागच्या वर्षी तिने जाहिरातींचं काम बघणारी एजन्सी बदलली आणि तेव्हा कळलं, की जाहिरातींचं खातं एजन्सीच्याच नावावर होतं. तीन दिवाळ्यांचा हिशेब गेला. चकलीची जाहिरात चालली की चिवड्याची, हे आता तिला आठवणीवरच सांगावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : दरमहा जाहिरातीवर पैसे घालणाऱ्याने रोजचे आकडे स्वतःच्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवलेच पाहिजेत.

कंपन्या डेटा ठेवतातच की!

ठेवतात, पण त्यांच्या नियमाने. गुगलच्या जुन्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून साध्या खात्यांचा नवा डेटा घेणं थांबवलं. वर्षभराने, १ जुलै २०२४ पासून, जुने अहवाल बघण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी वेळेत प्रत काढली नाही, त्यांचा इतिहास पुसला गेला.

नव्या जीए-४ च्या मोफत खात्यात ठरावीक अहवाल राहतात, पण खोलात जाऊन तपासायचा तपशील जास्तीत जास्त १४ महिने टिकतो. सेटिंग बदललं नाही, तर फक्त २ महिने. म्हणजे या दिवाळीची मागच्या दिवाळीशी बारकाईने तुलना करायची, तर तपशील हाती नसतो.

मग करायचं काय?

गुगल आणि मेटा दोघांकडेही एपीआय आहे. आपण स्क्रीनवर क्लिक करून जो अहवाल डाउनलोड करतो, तोच प्रोग्रॅमने मागण्याचा हा अधिकृत मार्ग. पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट रोज रात्री ठरलेल्या वेळी आपोआप चालते, आकडे मागते आणि टेबलमध्ये भरते. तारीख, कॅम्पेनचा आयडी, खर्च, क्लिक, ऑर्डर एवढे रकाने सुरुवातीला पुरेत. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हे डेटाबेस मोफत मिळतात.

खरा फायदा पुढे आहे. शेजारच्या टेबलमध्ये तुमच्या दुकानाच्या खऱ्या ऑर्डर ठेवल्या की दोन्ही जोडून बघता येतात. ग्राहकाने आधी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिली, मग गुगलवरून येऊन खरेदी केली, तर ती एकच ऑर्डर दोघेही आपल्या खात्यात दाखवू शकतात. दोघांची बेरीज प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त भरते. हे पकडायला स्वतःची वहीच लागते.

स्क्रिप्ट कुठे फसते?

पहिला खड्डा : जुने आकडे बदलतात. ग्राहकाने सोमवारी क्लिक केलं आणि शनिवारी खरेदी केली, तर गुगल अॅड्स ती ऑर्डर सोमवारच्या खात्यात टाकतं. फक्त कालचा दिवस उचलणारी स्क्रिप्ट ही ऑर्डर कधीच बघत नाही. म्हणून रोज मागचे ३० दिवस पुन्हा मागवावेत. पण तेच आकडे दुबार भरले जाऊ नयेत, यासाठी तारीख आणि कॅम्पेन आयडी मिळून एक प्रायमरी की ठरवायची. नोंद आधीच असेल तर ती बदलायची, नसेल तर नवी घालायची.

दुसरा : गुगल अॅड्सची एपीआय खर्च रुपयाच्या दहा लाखाव्या भागात देते. २५० रुपयांचा खर्च २५ कोटी असा येतो. भागाकार विसरलात तर पोटात गोळा येईल!

तिसरा सगळ्यात वाईट : स्क्रिप्ट गुपचूप बंद पडते. परवानगीचं टोकन संपतं, एपीआयची जुनी आवृत्ती बंद होते आणि महिनाभराने कळतं की टेबल रिकामं आहे. त्यामुळे डेटा आला नाही, तर स्क्रिप्टने तुम्हाला मेसेज पाठवलाच पाहिजे.

प्रत्येकाला याची गरज आहे का?

नाही. वर्षातून एकदाच दोन-चार हजारांची जाहिरात करणाऱ्याला महिन्याकाठी एक फाईल डाउनलोड करून ठेवणं पुरे. तयार सेवाही मिळतात. पण त्यांचं भाडं भरत राहावं लागतं आणि भाडं थांबलं की नवा डेटा येणंही थांबतं.

एक पथ्य मात्र पाळा. ग्राहकांची नावं, फोन नंबर या टेबलमध्ये ओढू नका. कॅम्पेनच्या हिशेबाला ते लागत नाहीत आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर असा साठा म्हणजे जबाबदारी आहे.

स्क्रिप्ट लिहायला एखादा होतकरू इंजिनीअर मिळेल. त्याआधीची दोन कामं आजच मोबाईल हातात असताना करा. जीए-४ मधली मुदत १४ महिन्यांवर न्या. आणि जाहिरातींचं खातं कोणाच्या नावावर आहे, ते तपासा. खातं तुमच्या नावावर असावं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. माझ्या मैत्रिणीने यंदा सुरुवात तिथूनच केली आहे.