सॅटेलाइट इंटरनेट घ्यायचं का? आधी गच्चीवर जाऊन आकाश बघा

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला आणि लगेच ‘आता जिओ-एअरटेलचं काय होणार’ ही चर्चा रंगली. खरं तर ज्याच्या दारापर्यंत फायबर पोहोचली आहे, त्याला उपग्रहाच्या वाटेला जाण्याचं काहीच कारण नाही.

केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये दिलेले आकडे बघा. देशभरात फार तर २० लाख ग्राहक, २०० एमबीपीएसपर्यंत वेग, सुरुवातीचा खर्च मोठा आणि महिन्याला साधारण ३ हजार रुपये. शहरात फायबरचा ३०-४० एमबीपीएसचा प्लॅन ४००-५०० रुपयांत मिळतो. घरातल्या चौघांच्या व्हिडिओ आणि मीटिंगला तो पुरतो.

शिवाय फ्लॅटमधून आकाश दिसतं कुठे? उपग्रह सतत सरकत असतात, त्यामुळे डिशला वरचा मोठा भाग मोकळा लागतो. बाल्कनी चालत नाही, गच्ची लागते. म्हणजे सोसायटीची परवानगी आली. गावाकडेही घरावर आंबा-फणसाची सावली असेल तर कनेक्शन मध्येच तुटत राहणार.

सगळे उपग्रह सारखे नसतात

बँकांच्या एटीएमवर दिसणारी व्हीसॅट डिश बहुतेक वेळा सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी बोलते. विनंती वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा त्याच वाटेने परततं. हा जवळपास दीड लाख किलोमीटरचा फेरा, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद. एटीएमला ते चालतं, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलू लागतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. म्हणून विक्रेत्याला नुसता वेग विचारू नका, उपग्रह किती उंचीवर आहे तेही विचारा. मुसळधार पावसात मात्र दोन्हींचा सिग्नल मंदावतो. कोकणातल्या ग्राहकाने हे धरूनच चालावं.

आता विजेचं गणित. स्टारलिंकची नेहमीची डिश साधारण ७५ ते १०० वॅट खाते, घरातल्या वायफाय राउटरच्या कितीतरी पट. आठ तास लाइट गेली तर १५० एएच बॅटरीची जवळपास निम्मी ताकद डिशच संपवेल. आणि जिथे फायबर नसते, तिथेच लाइटही जास्त जाते!

व्यवसायाचा हिशोब वेगळा आहे. रस्ता खोदताना केबल तुटली की पेट्रोल पंपाचं किंवा रिसॉर्टचं यूपीआय आणि बुकिंग ठप्प होतं. असा एक दिवस महिन्याच्या बिलापेक्षा महाग पडत असेल, तर मुख्य लाइन फायबरची आणि बॅकअप उपग्रहाचा ही जोडी शहाणपणाची. फक्त एक तपासा. स्टारलिंकच्या साध्या प्लॅनमध्ये स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने थेट डीव्हीआरला जोडून सीसीटीव्ही बघता येणार नाही, क्लाउडवर चालणारे कॅमेरे चालतील.

खरी गरज कुणाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांची नावं आहेत. दिशा बरोबर आहे. पण भामरागड किंवा धडगावच्या पाड्यावरचं कुटुंब महिन्याला ३ हजार रुपये देणार नाही. तिथे घरोघरी विक्रीच्या गप्पांना अर्थ नाही. आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत इथे डिश बसवून तिचं मासिक बिल आणि सोलर बॅटरी सरकारने उचलली, तरच या कराराचा उपयोग. नाहीतर उद्घाटनाचा फोटो निघेल आणि पहिल्या थकीत बिलाला सेवा बंद पडेल.

घाई करणाऱ्यांसाठी एक इशारा. परदेशातून मागवलेली डिश परवानगीशिवाय भारतात वापरणं बेकायदा आहे. आणि आगाऊ बुकिंग करण्याआधी २०२१ आठवा. तेव्हा स्टारलिंकने परवाना नसतानाच भारतात बुकिंग घेतलं होतं. नोव्हेंबरमध्ये सरकारने लोकांना सावध केलं आणि कंपनीला पैसे परत करावे लागले.