यंत्रास दोष देण्यापूर्वीं

व्हिडिओ लागत नाहीं, म्हणजे लॅपटॉप बिघडला, असें अनुमान आपल्या घरोघरीं इतक्या सहजपणें काढलें जातें कीं, त्यांत चूक असूं शकेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. माझ्या मतें हें अनुमान बहुधा खोटें असतें. त्यापायीं पैशाचा व्यय होतो तो होतोच; पण कधींकधीं जें पैशानें परत मिळत नाहीं, तेंहि आपण गमावून बसतों.

माझ्याच घरचें उदाहरण सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावानें आमच्या आजीला ओसरीवर बसवून तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि नव्या फोनवर त्यांचें चित्रण केलें. फाईल लॅपटॉपवर उतरवून लावली, तों आजीचा आवाज स्पष्ट ऐकूं येई, पण पडदा काळाच्या काळा! लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यावा, असा निकाल काकांनीं दिला. भावानें फाईलच्या नांवाचें शेपूट बदलून पाहिलें, व्यर्थ. “फोनमध्यें जागा उरली नाहीं, ती बिघडलेली फाईल पुसून टाक,” असाहि सल्ला निघाला. तो अमलांत आला नाहीं हें आमचें सुदैव. कारण आजी त्यानंतर फार दिवस राहिली नाहीं.

मग दोष होता कोठें? एम्पीफोर, एमकेव्ही, एव्हीआय हीं जीं नांवें फाईलच्या शेवटीं दिसतात, तीं केवळ डब्याचीं नांवें होत. डब्याच्या आंत चित्र व ध्वनि हीं दोन्हीं वेगवेगळ्या संकेतांनीं दाबून बसविलेलीं असतात. हा संकेत रचणाऱ्या व उलगडणाऱ्या योजनेस कोडेक म्हणतात. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला एच.२६४ हा संकेत आज जवळजवळ प्रत्येक यंत्रास उलगडतो. २०१३ सालचा एच.२६५ तसलेंच चित्र पुष्कळ कमी जागेंत सांठवितो, म्हणून अनेक नवे फोन तो वापरतात; परंतु कित्येक लॅपटॉपांवर तो उलगडणारा भाग निराळा मिळवावा लागतो. आमच्या लॅपटॉपास ध्वनीचा संकेत ठाऊक होता, चित्राचा नव्हता, इतकेंच. डब्यावरची चिठ्ठी बदलल्यानें आंतला जिन्नस बदलत नाहीं, हें भावाच्या खटपटीनें सिद्ध झालें.

म्हणून माझें सांगणें असें कीं, निकाल देण्यापूर्वीं चार प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला: इतर व्हिडिओ त्याच लॅपटॉपवर चालतात काय? चालत असतील तर संशय यंत्रावर नव्हे, फाईलवर घ्यावा. दुसरा: फाईल संपूर्ण उतरली आहे काय? मूळ फाईल व प्रत यांचे आकार ताडून पाहावे. पेनड्राइव्ह मध्येंच उपटल्यास प्रत अपुरी राहते. शिवाय फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एकच अखंड फाईल मावत नाहीं. तिसरा: दुसऱ्या प्लेअरमध्यें ती लागते काय? चौथा: ती मुळींच लागत नाहीं, कीं केवळ अडखळते? फोरके चित्रांत रुंदीस ३८४० व उंचीस २१६० बिंदु असतात, म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या नेमके चौपट. हा भार जुन्या यंत्रास पेलत नाहीं. अशा वेळीं फाईल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपच्या डिस्कवर घ्यावी, इतर कामें बंद करावीं, चार्जर लावावा. तरीहि न भागल्यास हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनें एच.२६४ मध्यें लहान प्रत करून घ्यावी. मूळ फाईल मात्र जशीच्या तशी राखावी.

आमचें काम तिसऱ्या प्रश्नापाशींच झालें. व्हीएलसी नांवाचा प्लेअर बहुतेक सर्व कोडेक आपल्याबरोबरच बाळगतो. त्यांत फाईल उघडतांच आजी पदर सांवरीत पडद्यावर प्रकट झाली. विद्यार्थिमित्रांनो, हा प्लेअर ज्या कामांतून निघाला, तें पॅरिसच्या एकोल सांत्राल या शिक्षणसंस्थेंतील विद्यार्थ्यांनींच १९९६ सालीं आरंभिलें होतें, आणि २००१ सालीं संस्थेच्या संमतीनें तें सर्वांस खुलें झालें.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करावयास वेळ कोणास आहे? लॅपटॉप दुकानांत द्यावा, किंवा इंटरनेटवर जो कोडेक सांपडेल तो उतरवून घ्यावा. पण हे चार प्रश्न विचारण्यास अर्धा तास पुरतो, आणि अनोळखी ठिकाणचा कोडेक घेणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं घराची किल्ली देणें होय. दुकानदाराकडेहि अवश्य जावें. मात्र काय पाहिलें व काय आढळलें, हें सांगतां येईल इतकी तयारी करून जावें.

पालकांस एकच विनंति. मूल असा शोध घेत असतां “उगाच खेळूं नकोस” म्हणून त्यास उठवूं नये. कारणें एकेक करून वगळणें हाच प्रयोगशाळेंतील धडा तें घरीं गिरवीत असतें. आणि मुलांनो, प्रत शेवटपर्यंत लावून, डोळ्यांनीं पाहून व कानांनीं ऐकून खात्री झाल्यावांचून मूळ फाईल कधींहि पुसूं नका.

— एक माजी विद्यार्थी