खेळगडी कुठून आणायचा?

सिंधुदुर्गातल्या मसुऱ्यासारख्या गावात तीन-चार वर्षांच्या पोरांच्या खेळाची काळजी कशाला करायची, असं कुणालाही वाटेल. दारात खळं आहे, माडाखाली करवंट्या पडलेल्या आहेत, पावसाळ्यात व्हाळ वाहतो. मूल आपसूक खेळेल. एके काळी हे खरं होतं. पण खेळाला वस्तूंच्या आधी खेळगडी लागतो, आणि नेमका तोच कमी होत चालला आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवर होती. २०११ मध्ये ती साडेआठ लाखांच्या आत आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. कर्ती माणसं पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेली की त्यांची मुलंही तिकडचीच होतात. मर्डे, देऊळवाडा अशा दूरदूर पसरलेल्या वाड्यांच्या गावात एकच लहान मूल, सोबतीला आजी-आजोबा आणि हातात मोबाइल, असं घर आता नवलाचं राहिलेलं नाही.

आजीची माया मोठी, पण ती बरोबरीच्या सवंगड्याची जागा घेऊ शकत नाही. आजी मुद्दाम हरते, मागितलं ते देते, रुसलं तर समजूत काढते. चार वर्षांचा सवंगडी यातलं काहीच करत नाही. भातुकलीत दोघींनाही आवस (आई) व्हायचं असतं आणि टोप एकच असतो. ‘माका दी’ म्हणून तो हिसकावला तर खेळ मोडतो. खेळ चालू राहावा असं वाटत असेल तर थांबावं लागतं, पाळी ठरवावी लागते, कट्टी सोडून परत जवळ जावं लागतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात हेच मांडलं होतं: एरवी मोठ्यांनी लादलेला नियम झुगारणारं मूल खेळातला नियम स्वतःहून पाळतं, कारण त्याशिवाय खेळाची मजाच उरत नाही. राग आवरणं, दुसऱ्याचं मन ओळखणं हे असं घडतं; उपदेशानं घडत नाही. आणि पाच जणांना पाच करवंट्यांतून वाळूचा भात वाढताना गणिताचा पायाही घातला जातो, तोही घरच्या मालवणीत.

खेळातून शिकणं महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली आणि खडे, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य केलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे तो गावोगाव पोचला. मात्र अंगणवाडी म्हटलं की आज आपल्याला आहार, वजन आणि लसीकरण आठवतं. ही कामं अत्यावश्यकच आहेत, पण वजनं, वाटप आणि मोबाइलवरच्या नोंदी आटोपून सेविकेच्या हाती मुलांसाठी किती वेळ उरतो, हे कुणी विचारत नाही.

पालकांची तक्रार वेगळीच असते: तिथे नुसतं खेळवतात, शिकवत नाहीत. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला गाडीत घालून दूरच्या नर्सरीत पाठवायचं आणि एबीसीडी गिरवायला लावायचं. या पालकांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची धास्ती खरी आहे. लिहिता-वाचता येण्यावरच या भागातल्या पिढ्यांना मुंबईत नोकऱ्या मिळाल्या. प्रश्न आहे तो वयाचा. अमेरिकेतल्या इप्सिलँटी शहरात १९६७ मध्ये ६८ गरीब मुलांचे तीन गट केले गेले. एकाला थेट पाठ दिले, इतर दोन गटांत खेळाला आणि मुलांच्या निवडीला जागा ठेवली. बुद्ध्यंक तिन्ही गटांत सारखाच वाढला. पण तेविसाव्या वर्षापर्यंत माग काढला तेव्हा दिसलं की शालेय वयात भावनिक अडचणींसाठी उपचार लागलेल्यांचं प्रमाण थेट पाठांच्या गटात ४७ टक्के, तर इतर दोन्ही गटांत ६ टक्के होतं. ६८ हा आकडा लहान आहे आणि इप्सिलँटी म्हणजे मसुरे नव्हे, हे मान्य. तरीही लवकर गिरवून घेतल्यानं मूल पुढे जातं, हा दावा तिथे टिकला नाही. २०२० चं शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडाही खेळच मध्यभागी ठेवतात. याचा अर्थ मुलांना मोकळं सोडून द्यायचं असा नाही. गोष्ट कधी सांगायची, भांडणात कधी पडायचं आणि कधी नाही, हे ओळखणं हे कसबाचं काम आहे.

उरतो हिशेबाचा आक्षेप: पाच-सहा मुलांसाठी अंगणवाडी चालवणं परवडतं का? मुलं कमी आहेत म्हणूनच ती चालायला हवी. तेवढीच त्यांना एकत्र आणणारी जागा उरली आहे. ती बंद करून दोन वाड्या पलीकडे नेली तर तीन वर्षांचं मूल घाटी चढून जाणार नाही, घरीच बसेल. त्यापेक्षा रोजचे दोन तास नोंदवहीपासून मुक्त ठेवावेत, आणि आठवड्यातून एकदा शेजारच्या वाड्यांतली मुलं एका खळ्यात आणण्यासाठी ग्रामपंचायतीनं रिक्षाचं भाडं द्यावं. पाखाडीच्या आणि रस्त्याच्या कामांबरोबर हा विषयही येत्या ग्रामसभेत मांडता येईल.