शांतता राखणे हे ग्रंथालयाचे काम

'शांतता राखा' ही पाटी बहुतेक ग्रंथालयांत असते. ती पाळली जाते की नाही, हे पाहणारे मात्र सहसा कोणी नसते. मग मोबाइलवर मोठ्याने बोलणाऱ्याला थांबवण्याचा वाईटपणा शेजारच्या वाचकाने घ्यायचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीने वडीलधाऱ्या सभासदाला हटकावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ती मुकाट्याने जागा बदलते, नाहीतर यायचेच बंद करते. पुस्तकांची देवघेव जशी ग्रंथालयाची सेवा आहे, तशीच शांतताही आहे आणि ती देण्याची जबाबदारी कर्मचारी व कार्यकारी मंडळाची आहे.

आवाजाचा त्रास होणे हा वाचकाचा नाजूकपणा नव्हे. कानावर पडणारे बोलणे आपल्याशी संबंधित नसले, तरी क्रमाने लक्षात ठेवायची माहिती ते विस्कटून टाकते, हे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत १९७०च्या दशकापासून दिसत आले आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोघांच्या पूर्ण संवादापेक्षा फोनवरचे एकतर्फी बोलणे अधिक लक्ष विचलित करणारे ठरले. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल, याचा अंदाज मन नकळत बांधत राहते. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलांना अभ्यासिकेखेरीज दुसरी शांत जागा नसते, म्हणून हे नुकसान त्यांना सर्वाधिक भोवते.

ग्रंथालय ही माणसांनी भेटण्या-बोलण्याचीही जागा आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. ज्येष्ठांनी वर्तमानपत्र वाचता वाचता चर्चा करावी, मुलांनी गोष्टी मोठ्याने वाचाव्यात. त्यासाठी वेगळी खोली हवी. ती नसेल तर वेळा वाटून द्याव्यात. मनुष्यबळ कमी आहे, ही अडचणही खोटी नाही. पण नियम स्पष्ट असेल, तर एकटा कर्मचारीही तो पाळून घेऊ शकतो: आधी सौम्य सूचना, मग बोलण्याच्या जागेत जाण्याची विनंती, तरीही न ऐकल्यास त्या दिवसापुरता बाहेरचा रस्ता. सभासद कितीही जुना असो, कार्यकारी मंडळाने अशा वेळी कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते. ते देताना पुस्तकांच्या संख्येबरोबर वाचकाला निवांत बसता येते का, हेही शासनाने तपासावे.